भीमेचे मासे, कऱ्हेची राख

भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी लवकर गेलात, तर सगळ्यात आधी नजरेत भरते ती चिलापी. पाट्याच्या पाट्या भरलेल्या असतात. शेजारी कटला, रोहू, मृगळ. मधूनच एखाद्या पाटीत वांब वळवळताना दिसते, एखाद्या पाटीत मरळ किंवा शिंगाळा. पुण्या-सोलापूरहून आलेला माणूस हे सगळे 'उजनीचे ताजे मासे' म्हणून कौतुकाने घेऊन जातो. ताजे ते असतातच. पण यातला भीमेचा मूळचा मासा कोणता, असे विचारले तर उत्तर थोडे चकित करणारे आहे. चिलापी मूळची आफ्रिकेतली. कटला, रोहू आणि मृगळ उत्तरेकडच्या नद्यांतले. वांब, मरळ आणि शिंगाळा मात्र इथले, धरणाच्या आधीपासूनचे.

मग इथे पूर्वी कोणते मासे होते, हे आपल्याला कसे कळते? उत्तर एका छंदात आहे. नोकरी सांभाळून नदीकाठी फिरणाऱ्या, जाळ्यात आलेला प्रत्येक मासा निरखणाऱ्या आणि पाहिलेले लिहून ठेवणाऱ्या माणसांचा हा छंद. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत तो जोपासायला भरपूर वाव आहे. भीमा, नीरा आणि कऱ्हा अशा तीन नद्या या भागाला वेढून आणि छेदून जातात. कऱ्हा पुरंदरच्या डोंगरात उगवते, जेजुरी, मोरगाव आणि बारामती करत नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. या तीन नद्यांच्या काठी काय काय वाचता येते, त्याची ही गोष्ट.

मासे मोजणारा लष्करी अधिकारी

विल्यम हेन्री साइक्स (१७९० ते १८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पेशवाई संपल्यावर दख्खनचा नवा मुलूख कंपनीच्या हाती आला. तिथली जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान यांची माहिती गोळा करण्याचे काम १८२४ मध्ये साइक्सकडे सोपवले गेले. काम आकडेवारीचे होते. पण हा माणूस तेवढ्यावर थांबला नाही. गावोगाव फिरताना त्याने पक्षी, सस्तन प्राणी आणि मासे यांच्या नोंदी ठेवल्या, नमुने जमवले, चित्रे करवून घेतली. १८३१ मध्ये तो मायदेशी परतला आणि पुढे काही वर्षांनी, १८३९ मध्ये, दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. त्यात चाळीसहून अधिक मासे आहेत. बरेचसे विज्ञानाला तोवर अनोळखी होते.

हे मासे पुण्याजवळ मुळा-मुठेत, घोड नदीत आणि भीमेत मिळालेले. भीमेच्या काठी पेडगाव आहे, दौंडच्या पलीकडे श्रीगोंदा तालुक्यात. तिथे मिळालेल्या माशांचाही त्यात उल्लेख आहे. आज उजनीच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला येणारा हाच तो पट्टा.

या निबंधातली सगळ्यात लोभस गोष्ट म्हणजे माशांची नावे. त्या काळचे युरोपीय अभ्यासक नव्या प्राण्याला बहुधा ग्रीक-लॅटिन नाव देत, किंवा एखाद्या मित्राचे, आश्रयदात्याचे. साइक्सनेही तसे केले. पण पुष्कळ माशांच्या बाबतीत त्याने जाळे टाकणाऱ्या माणसालाच नाव विचारले आणि ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरवून घेतले. शिंगाळा झाला 'सिंघाला'. घोगऱ्या झाला 'गोगरा'. शेंगटीची झाली 'सिंगटी'. कोळस, खुद्री, फुलंगी, नुक्ता ही नावेही तशीच विज्ञानात गेली.

प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा एक नियम आहे. प्रजातीला नियमानुसार सर्वांत आधी दिलेले नाव टिकते. कुळातले स्थान बदलले तर नावाचा पहिला भाग बदलतो, दुसरा भाग तसाच राहतो. म्हणून आज जगातल्या कुठल्याही मत्स्यसंग्रहालयात गेलात, तरी शिंगाळ्याच्या बाटलीवर 'स्पेराटा सिंघाला' लिहिलेले असते, शेंगटीच्या बाटलीवर 'मिस्टस सिंगटी', घोगऱ्याच्या बाटलीवर 'रीटा गोगरा'. भीमाकाठच्या भोई-कोळ्यांच्या तोंडचे शब्द जवळपास दोनशे वर्षे जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहेत. त्या शब्दांमागच्या माणसांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

नावात दडलेले निरीक्षण

ही नावे केवळ हाक मारायची सोय नव्हती. त्यांत निरीक्षण आहे. शिंगाळा आणि शेंगटी यांच्या पाठीवरच्या आणि छातीवरच्या परांना टणक काटे असतात. काटा टोचला की हात ठणकतो, हे जाळे सोडवणाऱ्याला सांगावे लागत नाही. 'शिंग' हा शब्द त्या काट्यांचीच आठवण करून देतो.

घोगऱ्याचे पाहा. मिशाळ माशांपैकी अनेकजण पाण्याबाहेर काढले की आवाज करतात. छातीच्या पराचा काटा ज्या खोबणीत बसतो, तिथे त्याचा खडबडीत तळ घासला जातो आणि करकर ऐकू येते. काही माशांत हवेच्या पिशवीचे स्नायूही कंप पावून आवाज निर्माण करतात. मासे मुके असतात अशी आपली समजूत. घोगरा हा शब्द ऐकला की वाटते, नाव ठेवणाऱ्यांना ते तसे नसतात हे पुरते ठाऊक होते.

'नुक्ता' या नावात मराठी कानाला 'नकटा' ऐकू येतो. या माशाच्या तोंडाच्या वर एक खोल खाच असते. त्यामुळे तोंडावर नाकासारखा आणखी एक उंचवटा आल्यासारखे दिसते. एकदा पाहिला की विसरणार नाही असा चेहरा. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला हा मासा आता संकटग्रस्त मानला जातो. वाहत्या पाण्यात, खडकांवरचे शेवाळ खरवडून जगणारा तो मासा. साचलेल्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही.

धरण आले, पाणी थांबले

इथे गोष्टीला वळण मिळते. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले. नदी अडली आणि इंदापूर, दौंड, करमाळा तालुक्यांत मैलोन् मैल पाणी पसरले. गावे उठली, पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. दुष्काळी वर्षात पाणी आटले की ते पुन्हा वर येते आणि बघायला गर्दी होते. उसाला पाणी मिळाले, शहरांना मिळाले, मासेमारीचा मोठा धंदा उभा राहिला. उथळ फुगवट्यात रोहित पक्षी येऊ लागले आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही नावे पक्षीप्रेमींच्या तोंडी बसली.

पण माशाच्या दृष्टीने वाहती नदी आणि साठलेला जलाशय ही दोन वेगळी जगे आहेत. वाहत्या पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळलेला असतो, तळाशी वाळू-गोटे असतात, पावसाळ्यात पूर येतो. अनेक मासे त्या पुराच्या पाण्याबरोबर वर चढून अंडी घालतात. जलाशयात तळाशी गाळ साचतो, चढायला वाट उरत नाही. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्या वाटे याच पाण्यात येते. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला खतच. उन्हाळ्यात पाणी हिरवे दिसते ते त्यामुळे. हे शेवाळ रात्री प्राणवायू वापरते, मेले की कुजताना आणखी वापरते. अशा पाण्यात जो तग धरतो, त्याचे राज्य.

चिलापी अशीच तग धरणारी. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली. ती दोन-तीन महिन्यांत वयात येते, वर्षातून अनेकदा वीण घालते आणि मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. नदीतल्या बहुतेक माशांची अंडी उघड्यावर पडतात, त्यांतली फार थोडी वाचतात. तोंडात जपलेल्या पिल्लांशी त्यांची बरोबरी कशी व्हावी?

कटला-रोहूची गोष्ट वेगळी. ते साठवण तलावात आपणहून फारसे वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून दाखवली. तोवर बीजासाठी नदीवर अवलंबून राहावे लागत होते. या एका शोधाने हॅचरीत हवे तेवढे मत्स्यबीज तयार होऊ लागले आणि ते देशभरच्या धरणांत सोडले गेले. खाणाऱ्यांना स्वस्त प्रथिने मिळाली, मच्छीमारांना रोजगार. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण चौकोनी आखलेल्या शेतासारखे धरणात मासे पेरले, तर जुन्या नदीच्या माशांना जागा कमी पडते, हेही तितकेच खरे.

अलीकडे उजनीत आणखी एक पाहुणा दिसू लागला आहे. घरातल्या काचेच्या टाकीतले शेवाळ खाणारा, अंगावर कडक कवच असलेला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा. टाकीत वाढला की मोठा होतो, मग कुणीतरी दयेपोटी त्याला नदीत सोडते. नदीत त्याला खाणारे कुणी नाही. जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळे फाडतो आणि बाजारात त्याला दर नाही. एका घरातली दया दुसऱ्या घरातल्या जाळ्याला महागात पडते.

खुद्रीचा प्रवास

साइक्सच्या यादीतला 'खुद्री' म्हणजे दख्खनचा महाशीर. त्याचे आजचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. मोठाल्या खवल्यांचा, वाहत्या खोल डोहात राहणारा देखणा मासा. आळंदी-देहूच्या इंद्रायणीत देवाचा मासा म्हणून त्याला अभय होते. पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या नमुन्यांवरून साइक्सने त्याचे वर्णन केले. पुढे धरणे, प्रदूषण आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी तो कमी होत गेला. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम वीण सुरू केली. लाखो पिल्ले तयार झाली, ठिकठिकाणच्या नद्यांत आणि तलावांत सोडली गेली. संवर्धनाची ही मोठी कामगिरी.

पण त्यातली काही पिल्ले दक्षिणेत कावेरीतही पोचली. कावेरीत स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक महाशीर होता. आपला खुद्री तिथे रुजला आणि तो मूळचा महाशीर मागे पडला. गंमत म्हणा की शोकांतिका, त्या कावेरीच्या माशाला पक्के शास्त्रीय नाव मिळाले ते २०१८ मध्ये, 'टॉर रेमादेवी' असे. तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर येऊन पोचला होता. शतकानुशतके गळाला लागणारा मासा, पण तो नेमका कोण हे वेळेत कुणी नोंदवले नाही. एका नदीतला संकटातला जीव दुसऱ्या नदीत संकट होऊन जातो. म्हणून कोणता मासा कुठला, ही नोंद केवळ हौसेची बाब राहत नाही.

यादीची किंमत

साइक्सनंतर पुण्याच्या नद्यांकडे पुन्हा बारकाईने पाहिले गेले ते एकोणीसशे चाळीसच्या दशकात. फ्रेझर (१९४२) आणि सुटर (१९४४) यांनी पुण्याच्या माशांच्या याद्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या. ही संस्था १८८३ मध्ये आठ हौशी मंडळींनी एकत्र येऊन काढली. प्राणी-पक्ष्यांच्या नोंदी एकमेकांना दाखवाव्यात, इतका साधा हेतू.

त्या याद्या छापल्या गेल्या तेव्हा त्यांचा मोठा उपयोग होईल असे कुणाला वाटले नसेल. पण २००३ मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात पुणे जिल्ह्यातल्या माशांमध्ये दीर्घकाळात झालेले बदल मांडले, तेव्हा तुलनेला हाताशी होत्या त्या जुन्या नोंदी. कोणते स्थानिक मासे सापडेनासे झाले, कोणते बाहेरचे आले, हे त्यामुळेच सांगता आले. आजाऱ्याचे वजन घटले की नाही हे कळायला आधीचे वजन कुठेतरी लिहिलेले लागते. नदीचेही तसेच आहे.

दगडातला मासा

साइक्सची माशांची हौस जिवंत माशांवर संपली नाही. १८५१ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेत त्याने दख्खनच्या पठारावरच्या एका जीवाश्म माशाची माहिती सादर केली. त्याचे शास्त्रीय वर्णन एगर्टन या जीवाश्म माशांच्या जाणकाराने केले. हा मासा सिरोंच्याच्या परिसरात, प्राणहितेच्या काठी कोटा गावाजवळच्या चुनखडकातला. जुरासिक काळातला, म्हणजे डायनोसॉरांच्या जमान्यातला. अंगावर चकचकीत, जाड, शंकरपाळ्यासारखे खवले. नाव पडले 'लेपिडोटस डेक्कानेन्सिस'. डेक्कन म्हणजे आपले दख्खन.

मग बारामती-इंदापुरात असे मासे दगडात का सापडत नाहीत? कारण आपला काळा दगड म्हणजे बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थरावर थर चढून तो झाला. हजार अंशांच्या आसपास तापलेल्या लाव्ह्यात प्राण्याचा सांगाडा टिकत नाही. जीवाश्म व्हायला मऊ गाळ लागतो, जो मेलेल्या जिवाला पटकन झाकून टाकतो. दोन लाव्हा प्रवाहांच्या मध्ये काही काळ गेला, तिथे तळे साचले, तर त्या गाळात जीवाश्म मिळू शकतात. मुंबईत वरळीला अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. नागपूरजवळ टाकळीच्या थरांतही असे जीवाश्म आहेत. बारामतीकडच्या दगडात विहीर खणताना जे सापडते, ते बहुधा वेगळेच असते.

विहिरीच्या दगडातून पांढऱ्या, गुलाबी, हिरवट स्फटिकांचे झुपके निघतात. काही घरांत ते देवघरात किंवा शोकेसमध्ये असतात. ही खनिजे आहेत, मुख्यतः झिओलाइट गटातली. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत नंतर क्षारयुक्त पाणी झिरपले आणि स्फटिक वाढले. कधी दगड फोडला की आत काळ्या रंगाचे झुडूप किंवा नेच्याचे पान उमटलेले दिसते. हुबेहूब वनस्पती, पण तेही जीवाश्म नव्हे. मँगनीजचे क्षार फटीतून पसरताना अशी नक्षी काढतात. ओळखायची सोपी खूण: खऱ्या पानाला मधली शीर, देठ, ठरावीक कडा असतात. खनिजाची नक्षी फटीच्या कडेपासून सुरू होऊन वाटेल तशी फुटत जाते.

आणि शेतात नांगरताना निघणारे शंख-शिंपले? ते बहुतेक गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आणि शिंपल्यांचे. नदीच्या जुन्या गाळातले, किंवा कालव्याच्या पाण्याबरोबर आलेले. समुद्राचा इथे संबंध नाही.

मोरगावची पांढरी माती

तरीही या भागात जमिनीखाली एक खजिना आहे, जगभरच्या अभ्यासकांनी दखल घेतलेला. मोरगाव म्हटले की मोरेश्वराचे देऊळ, अष्टविनायकातला पहिला गणपती. त्याच गावात कऱ्हेच्या काठच्या गाळात एक फिकट पांढुरकी, पिठासारखी माती सापडते. बोटांत चोळली की किंचित बोचते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की तिच्यात काचेचे बारीक, वक्र तुकडे दिसतात. ही माती नव्हे, ज्वालामुखीची राख आहे.

आणि ती आपल्या सह्याद्रीतल्या ज्वालामुखीची नाही. ते कधीच थंड झाले. ही राख आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, म्हणजे समुद्र ओलांडून हजारो किलोमीटरवरून. काचेच्या तुकड्यांची रासायनिक घडण हाताच्या ठशासारखी असते, त्यावरून राख कुठली ते ओळखता येते. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी इथेही अशीच राख आहे.

राखेच्या सोबतीने, त्याच गाळात, आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. बसाल्ट फोडून घडवलेल्या हातकुऱ्हाडी आणि रुंद पात्याची हत्यारे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोरगावला उत्खनन केले. प्रश्न असा की, हत्यारे किती जुनी? टोबा एकदाच फुटला नाही. शेवटचा प्रचंड उद्रेक सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या आधीचा एक मोठा उद्रेक सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा. राख कोणत्या उद्रेकाची, यावर हत्यारांचे वय अवलंबून. काहींच्या मते ती अलीकडची. काही जण ती जुनी मानतात. त्यासाठी गाळात टिकून राहिलेल्या चुंबकीय दिशेचा आधार घेतात, कारण सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते.

अडचण नदीचीच. आकाशातून पडलेली राख नदी धुऊन नेते, दुसरीकडे साठवते. वरच्या काठावरची जुनी हत्यारेही पुरात ढासळून नव्या गाळात येतात. म्हणजे शेजारी शेजारी सापडलेल्या दोन वस्तू एकाच काळातल्या असतीलच असे नाही. हा वाद सोडवायचा तर थर जागेवर, न ढवळलेला पाहायला मिळाला पाहिजे. कोणता दगड कोणत्या थरात, किती खोल, राखेच्या वर की खाली, हीच खरी माहिती. हत्यार उचलून घरी नेले की दगड राहतो, माहिती जाते. वाळू-मुरमासाठी काठ खरवडला, तर दगडही राहत नाही.

लांडगा, माळरान आणि आपण

साइक्सने १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांवरही लिहिले. त्यात आपल्या माळरानावरच्या लांडग्याला त्याने 'कॅनिस पॅलिपेस' असे नाव दिले. पॅलिपेस म्हणजे फिकट पायांचा. हा लांडगा आजही बारामती, इंदापूर, दौंडच्या गवताळ माळांवर आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांतली अतिशय जुनी, वेगळी शाखा आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणांसाठी राखले आहे, पण त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. इंदापुरात कडबनवाडीचे गवताळ रानही याच प्राण्यांचे. कागदोपत्री पुष्कळदा 'पडीक' लिहिलेली ही जमीन रिकामी नाही, हे आधी तिथे फिरणाऱ्या धनगरांना ठाऊक होते, मग निरीक्षकांना कळले.

या सगळ्यात एक धागा समान आहे. मासा असो, राख असो की लांडगा, आधी गावातल्या कुणीतरी तो पाहिला, नाव दिले. मग कुणीतरी विचारले आणि लिहून ठेवले. या दोन गोष्टी जुळल्या तिथे ज्ञान टिकले. जिथे लिहायचे राहिले, तिथे मासा गेला आणि त्याच्याबरोबर नावही गेले.

आज हे काम साइक्सपेक्षा किती तरी सोपे आहे. खिशात कॅमेरा आहे. मासे आणायला बाजारात गेलात, तर अनोळखी माशाचा बाजूने एक फोटो घ्या, पर आणि मिशा स्पष्ट दिसतील असा. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवा. विकणाऱ्या मावशींना किंवा काकांना त्याचे नाव विचारा आणि ते म्हणतात तसेच, न सुधारता, लिहून घ्या. कुठल्या पाण्यातला आणि कोणत्या महिन्यातला, एवढे जोडा. आयनॅचरलिस्टसारख्या मुक्त मंचावर किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे अशी नोंद देता येते. शाळेत शिकवत असाल, तर मुलांना घरच्या आजी-आजोबांकडून माशांची जुनी नावे गोळा करायला सांगा. कोणता मासा त्यांनी लहानपणी खाल्ला आणि आता मिळत नाही, हा प्रश्न विचारला की नदीचा पन्नास वर्षांचा इतिहास जेवणाच्या पाटावर समोर येतो.

आणि तीन गोष्टी करू नका. घरच्या टाकीतला मासा नदीत किंवा विहिरीत सोडू नका, सांभाळणे होत नसेल तर दुकानदाराला परत द्या. नदीकाठी घडवलेला दगड दिसला तर उचलू नका, फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. रोहित पाहायला गेलात तर नाव थव्यात घालायचा आग्रह नावाड्याला करू नका. दमवून उडवलेला पक्षी खाण्याचा वेळ गमावतो.

पुढच्या वेळी भिगवणच्या बाजारात चिलापीच्या पाट्यांमागे कोपऱ्यात एखादा काटेरी, मिशाळ मासा पडलेला दिसला, तर थांबा आणि नाव विचारा. उत्तर 'घोगऱ्या' आले, तर दोनशे वर्षांपूर्वी याच नदीकाठी दिलेले ते उत्तर आहे. ते नाव आणि तो मासा, दोन्ही अजून इथे आहेत. तारखेसह वहीत एक ओळ लिहा. आणखी पन्नास वर्षांनी कुणाला तरी तुलनेसाठी तीच हवी असेल.